३२७, ३२४ आणि ११५ : कॉलेज क्रिकेटमधला सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण?

भारतातील विद्यापीठांची क्रिकेट स्पर्धा १९३५-३६ च्या हंगामात सुरू झाली. ए. डी. बारिया यांनी आपला मुलगा रोहिंटन याच्या स्मरणार्थ चषक दिला आणि स्पर्धा त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पहिल्या वर्षी रोहिंटन बारिया करंडक पंजाब विद्यापीठाने जिंकला. पुढच्या काळात मात्र या चषकावर सर्वाधिक वेळा नाव कोरले ते मुंबई विद्यापीठाने. त्यामुळे कॉलेज क्रिकेटमधला सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण, हा प्रश्न निघाला की बहुतेक नावे मुंबईचीच पुढे येतात. पॉली उम्रीगर, दिलीप सरदेसाई, अजित वाडेकर, सुनील गावसकर ही त्यांतली ठळक चार. त्यांच्यामागून कॉलेजच्या मैदानावरून वर आलेल्यांत पोदार कॉलेजचे दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री, रुइया कॉलेजचे संदीप पाटील यांची गणना होते.

हा वाद घालताना सुरुवातीलाच एक गफलत होते. कॉलेजात शिकलेला सर्वांत मोठा क्रिकेटपटू कोण, हा एक प्रश्न. कॉलेजसाठी खेळताना सर्वांत मोठा ठरलेला क्रिकेटपटू कोण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. कसोटीतल्या १०,१२२ धावा आणि ३४ शतके समोर ठेवली की गावसकरांच्या पुढे कोणाचे नाव घ्यायला जागा उरत नाही. दुसऱ्या प्रश्नात या धावा मोजताच येत नाहीत. तिथे फक्त विद्यार्थीदशेतला खेळ धरायचा आणि पुढची सगळी कीर्ती बाजूला ठेवायची. हे पथ्य पाळणे अवघड असते, कारण माणूस नंतर मोठा झाला की त्याच्या कॉलेजातल्या खेळ्याही आपोआप मोठ्या वाटू लागतात.

अमेरिकेत हे पथ्य बऱ्यापैकी पाळले जाते. तिथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा, धडका देण्याघेण्याचा खेळ. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांमध्ये त्याचा पहिला सामना झाला. आज मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात आणि तेही विद्यार्थ्यांचा खेळ पाहायला. तिथे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला हाइझमन ट्रॉफी दिली जाते. ती पहिल्यांदा दिली गेली १९३५ साली, म्हणजे आपल्याकडे रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला त्याच वर्षी. पहिला मानकरी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडण्याची पद्धत १९३६ मध्ये सुरू झाली, तेव्हा सर्वांत आधी निवडले गेले ते त्याचेच नाव. पण मानधनाचे जमले नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. तरीही तिथल्या थोरांच्या यादीतून त्याचे नाव कोणी काढत नाही. ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनने १९७४ आणि १९७५ अशी सलग दोन वर्षे ही ट्रॉफी मिळवली. दोनदा ती मिळवणारा तो एकटाच. पुढची त्याची व्यावसायिक कारकीर्द बेताची झाली, पण कॉलेज फुटबॉलच्या चर्चेत त्याचा मान तसूभरही घटलेला नाही. १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने अकरा सामन्यांत २,६२८ यार्डांची धाव घेतली. कित्येक जाणकार एका हंगामातली सर्वश्रेष्ठ कामगिरी म्हणून आजही तिचेच नाव घेतात.

आपल्याकडे अशी ट्रॉफी नाही. १९५६-५७ पासून दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक हा विद्यापीठीय क्रीडेतला सर्वांत मोठा सन्मान. तो मिळतो विद्यापीठाला, खेळाडूला नव्हे. विद्यापीठाचे नाव फलकावर राहते. त्याला तिथवर नेणाऱ्या मुलाचे नाव एखाद्या जुन्या स्कोअरबुकात राहते, किंवा तेही राहत नाही. या वादाला आपल्याकडे लिखित परंपरा कमी असण्याचे हे मोठे कारण आहे.

वादातला दुसरा गुंता विद्यापीठाच्या हद्दीचा. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंत त्याचा विस्तार आजच्या कल्पनेत बसणारा नव्हता. पुण्याची, गुजरातची, उत्तर कर्नाटकातली कॉलेजे त्याच्याच छत्राखाली होती. इतकेच नव्हे, तर सिंधमधली कॉलेजेही १९४७ मध्ये तिथे स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत मुंबईलाच जोडलेली होती. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातला विद्यार्थी पदवी घ्यायचा ती मुंबई विद्यापीठाची. फाळणीनंतर सिंधमधून आलेले नव्वद हजारांहून अधिक निर्वासित कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या कल्याण कॅम्पाचे नाव उल्हासनगर झाले. तिथल्या बराकींत राहायला आलेल्या पदवीधर सिंधी माणसाला मुंबई विद्यापीठ परके नव्हते; त्याच्या प्रमाणपत्रावर तेच नाव होते. कराचीत जन्मलेले आणि सिंधकडून रणजी खेळलेले गुलाबराय रामचंद याच सुमारास मुंबईला आले. पुढे १९५९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियावर भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते.

उल्हासनगरला नाव मिळाले त्याच १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठांचाही काळ तोच. मुंबईचा एक संघ होता, त्याचे चार-पाच झाले. नाशिकचे बापू नाडकर्णी १९५०-५१ मध्ये रोहिंटन बारिया स्पर्धेत उतरले ते पुणे विद्यापीठाकडून. तीन वर्षे आधी जन्मले असते तर ते मुंबईच्या संघात मोजले गेले असते. म्हणून १९४९ पूर्वी मुंबई विद्यापीठाच्या अकरांत जागा मिळवणे आणि नंतर मिळवणे, यांची किंमत सारखी धरता येत नाही. आधीच्या काळात कराचीपासून धारवाडपर्यंतच्या मुलांशी स्पर्धा होती. याउलट त्या काळी कॉलेजात जाणारी मुलेच थोडी होती आणि ज्या घरांना फी परवडत नव्हती त्या घरांतले चांगले खेळाडू या यादीत कधी आलेच नाहीत.

विजय मर्चंट यांचे नाव या वादातून वगळावे लागते ते आणखी वेगळ्या कारणाने. ते सिडनम कॉलेजचे कर्णधार होते आणि कॉलेजातच त्यांचे नाव झाले. पण त्यांचे कॉलेज संपले तेव्हा आंतरविद्यापीठ स्पर्धा सुरू व्हायची होती. ज्या मैदानावर मोजमाप करायचे, ते मैदानच त्यांना मिळाले नाही. हा अन्याय आहे, पण त्यावर उपाय नाही.

उरलेल्या चौघांत सर्वांत नवलाची वाटचाल दिलीप सरदेसाई यांची. ते मडगावचे. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात त्या वेळी संघटित क्रिकेट असे नव्हतेच. १९५७ मध्ये कुटुंब मुंबईला आले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. त्या वयापर्यंत दादर-माटुंग्याच्या मुलाच्या गाठीशी शालेय क्रिकेटचे चार-पाच हंगाम जमा झालेले असत. सरदेसाई यांच्याकडे त्यातले काही नव्हते. तरीही १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा काढल्या. पुढच्याच हंगामात पाकिस्तानचा संघ दौऱ्यावर आला आणि पुण्यात भारतीय विद्यापीठांच्या संघाविरुद्ध खेळला. तो सरदेसाई यांचा पहिला प्रथम दर्जाचा सामना. त्यात त्यांनी १९४ मिनिटे उभे राहून ८७ धावा केल्या. सुरुवातीपासून अंतर किती कापले, हा निकष लावला तर पहिला क्रमांक निःसंशय त्यांचा.

अजित वाडेकर क्रिकेटपटू झाले ते जवळजवळ अपघाताने. ओढा गणिताकडे, घरची इच्छा मुलाने इंजिनिअर व्हावे अशी. कॉलेजला जाताना बसमध्ये बाळू गुप्ते भेटत. सुभाष गुप्ते यांचे हे धाकटे बंधू कॉलेजच्या संघाचे लेगस्पिनर होते. संघाला बारावा गडी हवा होता, दिवसाला तीन रुपये भत्ता होता. वाडेकर तयार झाले. बारावा गडी म्हणून मैदानात शिरलेल्या या मुलाने पुढे आंतरविद्यापीठ सामन्यात एका डावात ३२४ धावा केल्या. हा विक्रम बरीच वर्षे टिकला. डावखुरी, सहज, घाई नसलेली त्यांची फलंदाजी या काळातच घडली. भारताकडून खेळायला मात्र त्यांना १९६६ च्या डिसेंबरपर्यंत थांबावे लागले.

तो ३२४ चा आकडा मोडला गावसकरांनी, ३२७ धावा करून. फरक तीनच धावांचा. सेंट झेवियर्स कॉलेजचा हा विद्यार्थी त्यानंतर वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेला आणि १९७१ च्या त्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा घेऊन परतला. वय एकवीस. कॉलेजच्या मैदानावरून थेट पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर जाऊन अशी कामगिरी करणारा दुसरा भारतीय विद्यार्थी दाखवता येत नाही. त्या संघाकडे बघितले की विद्यापीठ क्रिकेटचे त्या काळचे वजन कळते. कर्णधार वाडेकर. मालिकेत ६४२ धावा करून डाव पुन्हा पुन्हा सावरणारे सरदेसाई. सलामीला गावसकर. रोहिंटन बारिया स्पर्धेत वेगवेगळ्या वर्षी धावांचे डोंगर रचलेले तिघे एकाच फळीत होते आणि भारताने वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका पहिल्यांदाच जिंकली.

३२७ मोठे की ३२४, हा वाद तीन धावांनी सुटत नाही. आकड्यामागे समोरचा संघ कोणता, खेळपट्टी कशी, सामना किती दिवसांचा, हे सगळे असते. जुन्या आंतरविद्यापीठ सामन्यांत डाव लांबवायला वेळ मिळत असे. काही मैदानांवर मॅटिंग असे, काहींवर मातीची खेळपट्टी. एकतर्फी सामन्यात चांगल्या फलंदाजाला फक्त दमायचे नसते. आकड्याची ही मर्यादा उल्हासनगर-बदलापूरच्या वाचकाला वेगळी समजवायला नको. शेजारच्या कल्याणमध्येच ती साऱ्या जगाने पाहिली. २०१६ च्या जानेवारीत भंडारी चषक या शालेय स्पर्धेत प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १,००९ धावा केल्या. संघाचा डाव ३ बाद १,४६५ वर घोषित झाला. १८९९ पासून इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सच्या नावावर असलेला नाबाद ६२८ चा विक्रम मागे पडला. रिक्षाचालकाच्या मुलाने दोन दिवस न थकता, एकाग्रता न ढळू देता केलेली ही खेळी थोरच आहे आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. पण ती जगातली सर्वोत्कृष्ट खेळी आहे असे कोणी म्हटले नाही, कारण गोलंदाजी कोणत्या तोडीची होती हा प्रश्न लगेच विचारला गेला. तोच प्रश्न ३२७ ला आणि ३२४ लाही विचारला पाहिजे.

तो प्रश्न मनापासून विचारला तर उत्तर अनपेक्षित ठिकाणी जाते. पॉली उम्रीगर सोलापूरचे पारशी, शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजात, विद्यापीठ संघाचे कर्णधार. १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन गोडार्ड यांचा वेस्ट इंडिज संघ भारतात आला. हा संघ कोणत्या ताकदीचा होता ते त्या मालिकेने दाखवले. एव्हर्टन वीक्स यांनी तिच्यात चार शतके केली आणि आधीच्या एका शतकासह सलग पाच कसोटी डावांत शतकांचा विक्रम रचला, तो आजही अबाधित आहे. मालिका वेस्ट इंडिजने जिंकली. या संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून उम्रीगर उतरले आणि त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या. समोर कॉलेजची पोरे नव्हती, पुढे भारताला हरवून गेलेला कसोटी संघ होता. त्या शतकानंतर सात आठवड्यांनी, बावीस वर्षांचे उम्रीगर मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्याच वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी खेळत होते.

विरोधकांचा युक्तिवाद असा, की एका खेळीवरून सर्वश्रेष्ठ ठरवणे बरोबर नाही. हंगाम बघावा, सलग कॉलेजची वर्षे बघावीत. हा मुद्दा वजनदार आहे. त्या मापाने गावसकर पुढे आहेत आणि सरदेसाई यांचे ४३५ त्यांच्या जवळ जातात. पण कॉलेज क्रिकेटचा कस शेवटी एवढाच, की वर्गातून उठून आलेला मुलगा मोठ्या माणसांच्या खेळात उभा राहू शकतो का. सरदेसाई यांनी पाकिस्तानविरुद्ध ८७ धावा करून त्याचे उत्तर दिले, उम्रीगर यांनी शतक ठोकून आणि बाद न होता दिले. विद्यापीठाचा शर्ट अंगावर असताना केलेली सर्वांत मोठी खेळी ३२७ ची नव्हे आणि ३२४ चीही नव्हे, ती नाबाद ११५ ची आहे. पहिला उम्रीगर, दुसरा गावसकर, आणि वाडेकर-सरदेसाई यांच्यात डावे-उजवे करू नये.

या सगळ्या चर्चेत गोलंदाज जवळजवळ दिसत नाहीत. धावांचा आकडा लक्षात राहतो. पहिल्या सत्रात पडलेल्या तीन महत्त्वाच्या विकेट लक्षात राहत नाहीत. बाळू गुप्ते यांचे नाव इथे आले तेही वाडेकरांच्या गोष्टीत. मुलींचे क्रिकेट तर त्या काळात नोंदींच्या बाहेरच होते. महिला क्रिकेटची देशपातळीवरची संघटना झाली १९७३ मध्ये, रोहिंटन बारिया करंडकानंतर जवळजवळ चार दशकांनी. सर्वश्रेष्ठांची कोणतीही जुनी यादी वाचताना ती अर्ध्या विद्यार्थ्यांचीच आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

१९६६-६७ पासून विभागवार संयुक्त विद्यापीठ संघांसाठी विझी करंडक सुरू झाला. तिथे चमकलेला मुलगा निवड समितीच्या नजरेत भरत असे. ऐंशीच्या दशकाअखेरीस ही वाट अरुंद झाली. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची १९८८ ची ६६४ धावांची भागीदारी शालेय हॅरिस शील्डमधली होती आणि पुढच्याच वर्षी सोळाव्या वर्षी तेंडुलकर पाकिस्तानात कसोटी खेळत होता. त्यानंतर सोळा, एकोणीस, तेवीस वर्षांखालच्या स्पर्धा हीच मुख्य शिडी झाली. २००८ मध्ये आयपीएल आली. आता चांगला खेळाडू कॉलेजात नाव घालतो, पण कॉलेजसाठी खेळायला त्याच्याकडे दिवस उरत नाहीत.

तरीही कॉलेज क्रिकेट संपलेले नाही आणि मध्य रेल्वेच्या या टोकाला तर त्याचे महत्त्व आजही मोठे आहे. उल्हासनगरचे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज आणि तलरेजा कॉलेज, तसेच अंबरनाथ-बदलापूरमधली कॉलेजे मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात. तिथून निवड चाचणी, मग विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय फेरी. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर, अंबरनाथ ६०. विद्यापीठाचे जुने मैदान मरीन लाइन्सला. सकाळी साडेआठला मैदानावर हजर राहायचे तर बदलापूरच्या मुलाला पहाटेची लोकल धरावी लागते आणि बॅट-पॅडची भली मोठी बॅग घेऊन डब्यात शिरायचे तर बहुतेकदा मालडबाच बरा पडतो. माटुंग्याचा मुलगा तेवढ्या वेळात नेटमध्ये शंभर चेंडू खेळून मोकळा होतो. कल्याणचा तुषार देशपांडे याच रेल्वेमार्गावरून मुंबईच्या संघात पोहोचला. २०२४ च्या रणजी उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध शेवटच्या क्रमांकावर येऊन त्याने १२३ धावा केल्या आणि तनुष कोटियनबरोबर दहाव्या विकेटसाठी २३२ धावा जोडल्या. त्याच वर्षी तो भारताकडून खेळला.

उम्रीगर, वाडेकर, गावसकर यांची तुलना आज करता येते, कारण त्यांच्या खेळ्या कोणीतरी लिहून ठेवल्या. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या किंवा बदलापूरच्या कुळगावमधल्या एखाद्या मुलाने १९८५ मध्ये आंतरमहाविद्यालयीन सामन्यात काय केले, हे सांगायला आज फक्त त्याचे मित्र आहेत. या पट्ट्यातल्या ज्या कॉलेजांच्या क्रीडा विभागांत जुनी स्कोअरबुके असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जपावीत. ज्या माजी खेळाडूंच्या घरी कात्रणे, संघाची छायाचित्रे किंवा विद्यापीठाची प्रमाणपत्रे असतील, त्यांनी त्यांच्या प्रती आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्याव्यात.